चवीची जुळणी: ठाण्याच्या स्वयंपाकवर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या वर्गाला घोडबंदर रोडवरची नवी जोडपी येतात, ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत काम करणारी, एकटी राहणारी मुलं येतात आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच गॅस पेटवणारे काकाही येतात. वर्ग सुटला की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला चहा आणि मॅगीपलीकडे काही येत नाही. सुरुवात कुठून करू?

साध्या वरणापासून. तूरडाळ हळद-हिंग घालून शिजवा, घोटा, पण मीठ घालू नका. आता पाच वाट्यांत थोडं थोडं काढा. पहिलीत काहीच नको. दुसरीत मीठ. तिसरीत मीठ आणि लिंबाचे चार थेंब. चौथीत मीठ आणि गुळाचा छोटा खडा. पाचवीत मीठ, लिंबू, गूळ आणि वरून अर्धा चमचा साजूक तूप. याच क्रमाने चाखा, मधे पाण्याचा घोट घ्या.

मिठाने डाळीला डाळीची चव येते. लिंबाने तीच डाळ हलकी लागते. गुळाने हळद-हिंगाचा उग्रपणा मवाळ होतो. तुपाने सगळं जिभेवर जरा जास्त वेळ रेंगाळतं. ही पाच वाट्यांची परीक्षा एकदा झाली की पुढचे निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

त्यानंतर महिनाभर चारच पदार्थ आलटून पालटून करा: वरण-भात, एक पालेभाजी, एक उसळ, एक कोशिंबीर. रोज नवी रेसिपी करणाऱ्याचा हात बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. 'चवीनुसार मीठ' म्हणजे नेमकं किती, आणि कधी घालायचं?

किती, ते चाखूनच कळतं. म्हणून स्वयंपाक करताना शेजारी एक वाटी आणि चमचा ठेवाच. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करायची रीत आहे, तिथे मात्र अंदाज मुरलेला लागतो.

कधी घालायचं हे पदार्थावर आहे. कांदा मऊ हवा असेल तर सुरुवातीलाच मीठ घाला, त्याला पाणी सुटतं. तोच कांदा कुरकुरीत तळायचा असेल तर नंतर. भेंडीला मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून चिकट होते. पालेभाजी शिजून बसली की मगच, कारण कढईभर दिसणारी मेथी शेवटी मूठभर उरते आणि आधीचा अंदाज खारट ठरतो. कोशिंबिरीला पानं घेताना. मटण-चिकनला मात्र आधी लावून ठेवा, आत मुरायला वेळ लागतो.

मिठाचं आणखी एक काम आहे: ते कडूपणा दाबतं. कारल्याला मीठ चोळतो ते पाणी काढण्यासाठी तर असतंच, पण आत उरलेलं मीठही जिभेला कडू कमी जाणवू देतं.

३. चार-पाच शिट्ट्या करूनही चणे-वाल कडक का राहतात? मीठ आधी घातल्याने का?

मिठावर उगाच आळ आहे. उलट लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून कडधान्य रात्रभर भिजवलं तर सालं लवकर मऊ होतात. खरी कारणं तीन. कडधान्य जुनं असतं; किंवा पाणी जड असतं, म्हणजे टँकरचं वा बोअरचं, त्यातल्या कॅल्शियमने साल घट्ट राहते; किंवा चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच पडलेले असतात. आंबटाने डाळीच्या पेशी एकमेकींना सोडत नाहीत. त्यामुळे आंबट नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावर. पाणी जडच असेल तर चिमूटभर सोडा चालतो, पण चिमूटच. जास्त झाला की उसळीला साबणासारखी चव येते.

४. ताई, मसाला, कांदा-खोबरं सगळं घालते तरी आमटीत 'काहीतरी कमी' लागतं. काय घालू?

बहुतेक वेळा मसाला नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पातेल्यावर प्रयोग करायचा नाही. एक पळी आमटी वाटीत घ्या आणि त्या वाटीवर करा. आधी दोन कण मीठ. फरक पडला? मग तेच कमी होतं. नाही पडला तर लिंबाचे दोन थेंब. चव एकदम उघडली तर आंबट कमी होतं, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक वेळा तेच असतं. आंबटानेही काम झालं नाही, चव टोचते आहे असं वाटलं तर गुळाचा कण. तोंडात चव येते पण लगेच निघून जाते असं वाटलं तर तूप किंवा खोबऱ्याचं दूध, म्हणजे स्निग्ध काहीतरी. आणि सगळं असूनही सपक वाटत असेल तर कदाचित आमटी पातळ आहे; दहा मिनिटं उघडी उकळू द्या.

यात कुठेच बसत नसेल तर गोष्ट चवीची नाही, वासाची आहे. मसाला जुना असेल किंवा फोडणी कच्ची राहिली असेल. त्याबद्दल प्रश्न ६ आणि ९ पाहा. कधीकधी उणीव कुरकुरीची असते. मऊ आमटी, मऊ भात, मऊ भाजी अशा ताटात पोह्याचा पापड आला की तीच आमटी छान लागते.

५. चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, दही, टोमॅटो: कुठे काय वापरायचं? एकाऐवजी दुसरं चालतं का?

आंबटपणा मिळेल, चव तीच मिळणार नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं आणि सोबत फळाचा दाटपणा व गोडसर अंग. म्हणून ती गुळाशी जमते. चिंच-गुळाची आमटी, अळूचं फदफदं, भरली वांगी ही तिची घरं. आमसुलाचा आंबटपणा स्वच्छ आणि किंचित तुरट. खोबरं आणि मासे यांना तो झाकत नाही, म्हणून कोकणात आमटीला आमसूल. लिंबाचं अर्धं मोल वासात आहे आणि तो वास उकळला की उडतो, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर. दह्याचा आंबटपणा मऊ, दुधाची स्निग्धता घेऊन येणारा. टोमॅटो आंबट कमी आणि 'भरीव' जास्त, त्याचं कारण प्रश्न १३ मध्ये.

अदलाबदल करायचीच असेल तर चिंचेऐवजी आमसूल घालून गूळ किंचित वाढवा. आमसुलाऐवजी चिंच माशाच्या आमटीत चालते, अनेक घरांत तीच असते, पण कमी घ्या. सोलकढीत लिंबू पिळून 'झाली सोलकढी' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त ती पीत नाही.

६. फोडणीत आधी काय, नंतर काय? क्रमाने खरंच फरक पडतो का?

पडतो. प्रत्येक जिन्नस किती उष्णता सोसतो त्यावर क्रम ठरतो. मोहरी आधी, कारण तिला तडतडायला तेल चांगलं तापलेलं लागतं. कच्ची मोहरी वाटली तर नाकात जाते. तेलात तडतडली की तो झणका तयारच होत नाही आणि खमंग, दाण्यासारखी चव उरते. मग जिरं, ते काही सेकंदांत होतं. मग हिंग, ज्याचा कच्चा उग्रपणा तेलात उतरतो. कढीपत्ता-मिरची. शेवटी हळद, आणि तिखटाची पूड घालायची तर गॅस बारीक करून, कारण ती क्षणात करपते. मेथीदाणे घालत असाल तर लाल होताच पुढचा जिन्नस टाका, काळे झाले तर कडू.

फोडणीमागचं शास्त्र सोपं आहे. मसाल्यांचे बहुतेक सुवास पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. हळदीचा रंगही तेलातच खुलतो. तेल तो वास सगळीकडे नेतं. कुकरचं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि शिट्टीबरोबर वासही बाहेर पडतो. शेजारणीला कळतं तुमच्याकडे काय शिजतंय, ते यामुळे. म्हणून वरणाची, उसळीची फोडणी कुकर उघडल्यावर केलेली बरी.

७. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं. चव जिभेवर असते ना?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (प्रश्न १३) एवढंच नीट कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. नाक घट्ट दाबून जिरं चावा: फक्त किंचित कडवट, कोरडं काहीतरी लागेल. नाक सोडा, जिरं 'येतं'. बडीशेप आणि वेलचीवरही हेच करून पाहा. जिभेचा नकाशा, म्हणजे टोकाला गोड आणि मागे कडू, ही शाळेतली आकृती चुकीची आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कमी-जास्त कळतात.

तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना फसवतं.

कोविडनंतर वास परत आला नाही म्हणून विचारणारे अजूनही आहेत. डॉक्टर जो सराव सुचवतात त्यात गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ लक्ष देऊन हुंगतात. कित्येक महिने लागू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच.

८. कशाबरोबर काय जातं याचा एखादा तक्ता आहे का? पाठ करून टाकतो.

इंजिनियर मंडळींचा लाडका प्रश्न. तक्ते आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

दोन पदार्थांत सुवासाची रसायनं सारखी असतील तर ते एकत्र चांगले लागतील, अशी एक कल्पना पाश्चात्त्य स्वयंपाकात लोकप्रिय झाली. ब्रिटिश शेफ हेस्टन ब्लूमेंथल यांनी पांढरं चॉकलेट आणि कॅव्हियार, म्हणजे माशाची खारवलेली अंडी, एकत्र वाढले, ते याच्याच जोरावर. २०११ मध्ये काही संशोधकांनी ५६ हजारांवर पाककृती तपासल्या. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या पदार्थांत ही कल्पना खरी दिसली. पूर्व आशियाच्या पदार्थांत नाही. मग २०१५ मध्ये आयआयटी जोधपूरच्या संशोधकांनी तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या अडीच हजारांवर भारतीय पाककृती घेतल्या, त्यात महाराष्ट्राच्याही होत्या. निष्कर्ष उलटा आला: आपण एकाच पदार्थात एकमेकांपासून लांबचे वास आणतो, आणि ही तफावत सांभाळण्यात मसाल्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. भरल्या वांग्याची कढई उघडून बघा. वांगं, दाणे, तीळ, खोबरं, चिंच, गूळ, गोडा मसाला. यातलं कोण कोणाचं नात्यातलं आहे?

म्हणून तक्त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. या पदार्थाला झेपेल असं विरुद्ध काय आहे? तेलकट असेल तर आंबट, कडू असेल तर खारट-गोड, मऊ असेल तर कुरकुरीत. आणि यातल्या कुठल्या वासाला सोबत लागेल? आंबेमोहर भाताला तूप पुरतं, त्यावर गरम मसाला म्हणजे अत्याचार. लाल भोपळ्याला मेथीदाण्याचा कडवटपणा, गवारीला ओवा, पडवळाला चण्याची डाळ, बांगड्याला तिरफळ. तिरफळाने जिभेला जी झिणझिण येते ती तेलकट माशाला बरोबर कापते. तेच तिरफळ पापलेटाला घातलंत तर पापलेट हरवून जाईल. नाजूक माशाला हळद, मीठ, लिंबू बस.

९. गोडा मसाला, आगरी-कोळी मसाला, गरम मसाला: तिन्ही घरात हवेत का? कुठून घ्यावेत?

एकच ठेवायचा तर जे रोज शिजतं त्याचा. शाकाहारी घरात गोडा: धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी वगैरे मंद भाजून केलेला, मिरची कमी, गूळ-चिंचेशी जमणारा. मासे-मटणाच्या घरात आगरी-कोळी: मिरची भरपूर, हळद आणि खडे मसाले, पावसाच्या आधी डंकावर कुटून वर्षभराचा भरून ठेवलेला. तो तेलात परतूनच वापरायचा, गोडा वरून टाकला तरी चालतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा घालू नका. आमटीत कोळी मसाला घातला तर गुळाशी भांडतो.

मिरचीत बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. फक्त लाल रंग पाहून घेणाऱ्यांच्या जेवणानंतर कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी येतं.

वाशीच्या मसाला मार्केटात खडे मसाले ताजे मिळतात, पण ते घाऊक ठिकाण आहे. चार घरांनी मिळून जावं, वाटून घ्यावं. एकट्यासाठी जांभळी नाक्याची दुकानं पुरेत. पूड घेण्यापेक्षा खडा मसाला घेऊन थोडा थोडा दळा. वास घेऊन पाहिल्याशिवाय जिरं-धणे घ्यायचे नाहीत. हातावर चोळून नाकाशी नेल्यावर काहीच आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

१०. मामलेदारची मिसळ इतकी तिखट असूनही माणूस दुसरी प्लेट का मागवतो?

ठाण्यात मिसळ म्हटलं की हा प्रश्न येणारच. वाटी समोर घेऊन बघा. वर तर्री, म्हणजे तिखट विरघळलेलं तेल. त्यात मऊ मटकी-वाटाणा, वर कुरकुरीत फरसाण, त्यावर कच्चा कांदा, कडेला लिंबाची फोड, बाजूला पाव. प्रत्येक घासात यांचं प्रमाण वेगळं येतं. एका घासात फरसाण अजून कुरकुरीत, पुढच्यात रश्श्याने अर्धवट भिजलेलं, मग मधेच कांद्याचा थंड, गोडसर चावा. जिभेला सवय व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून कंटाळा येत नाही. पाव मुद्दाम अळणी. तो तर्री पितो आणि तिखट पसरू देत नाही.

तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवतं.

घरी पाहुण्यांचा मेनू ठरवतानाही हीच नजर ठेवा: ताटात मऊ, कुरकुरीत, गरम, गार, तिखट, अळणी असं सगळं थोडं थोडं आहे का?

११. येऊरच्या बायका शेवळांबरोबर ती छोटी आंबट फळं का देतात? नाही घेतली तर चालेल?

नाही चालणार. पावसाच्या तोंडाशी ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात आणि सोबत काकडं. शेवळं ही रानभाजी, सुरणाच्या जातीतली. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात खाजतात. काकडांच्या आंबटाने खाज आटोक्यात येते. अळूला चिंच, सुरणाला आमसूल, तसंच हे.

बाहेरचं आवरण सोला, आतला पिवळा भाग काढून टाका, उरलेलं बारीक चिरा. भरपूर तेलात चांगलं परता. काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून त्यांचा रस गाळून घ्या आणि त्यात शिजवा. सीकेपी घरांत यात कोलंबी किंवा खिमा पडतो आणि मग ते जे होतं त्याला तोड नाही. चिरताना हाताला तेल लावा. आणि पहिल्यांदा करताना माहितगार बाईला विचारूनच करा. भाजी विकणारीच सगळ्यात नीट सांगते, फक्त गर्दी नसताना विचारा.

चवींच्या कितीतरी जोड्या अशा आवडीतून नाही, गरजेतून जमल्या. आवड मागून आली.

१२. परदेशी रेसिपीत थाइम, स्टार ॲनिस, पंडन असतं. आपल्याकडचं काय घालू?

इथे मात्र प्रश्न ८ मधली सामायिक रसायनांची कल्पना कामाला येते. थाइमचा मुख्य सुवास थायमॉलचा आणि ओव्याचाही तोच; पण ओवा तेज, म्हणून पाव पट. ओरेगॅनोलाही ओवा जवळचा. स्टार ॲनिस म्हणजे आपलं चक्रफूल. ते नसेल तर बडीशेप, दोघांत ॲनेथॉल. पंडनच्या पानाचा आणि आंबेमोहर-बासमतीचा वास एकाच रसायनाचा, त्यामुळे भात सुवासिक असेल तर पान नसलं तरी अडत नाही. बेसिलऐवजी तुळस मात्र नको. तुळशीत लवंगेसारखा झणका असतो आणि पास्त्याला काढ्याचा वास येतो.

१३. उमामी म्हणजे काय? अजिनोमोटो घालू का?

टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या भरीव, मांसल चवीला हे नाव दिलं. आपल्याकडे ते पिकलेल्या टोमॅटोत, अळंब्यांत असतं. सुक्या मासळीत त्याला साथ देणारे घटक असतात आणि दोन्ही एकत्र आले की परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. चेंदणी कोळीवाड्यात कोणाच्याही घरी जवळा-टोमॅटोचं कालवण खाऊन बघा, वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सोड्यांच्या खिचडीचं गुपितही तेच.

अजिनोमोटो म्हणजे याच ग्लुटामेटची पांढरी पूड, नेहमीच्या प्रमाणात ती धोकादायक नाही. मी वापरत नाही, कारण त्याने सगळ्या भाज्या एकाच हॉटेलातल्या लागतात.

१४. खारट झालं / तिखट झालं / करपलं. आता काय?

खारट: बटाटा टाकून मीठ 'शोषलं' जात नाही. बटाटा खारट पाणी पितो, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. प्रमाण वाढवा: बिनमिठाची डाळ, पाणी, खोबऱ्याचं दूध. तिखट: स्निग्ध आणि गोड, म्हणजे दाण्याचं कूट, नारळाचं दूध, गूळ, वाढताना दही. करपलं: ढवळू नका, खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि चाखा. करपट वास मुरला असेल तर काही करून जात नाही, पोळ्या मागवा.

१५. गुळाच्या खिरीत दूध नासतं, कढी फुटते, नारळाचं दूध फाटतं. तिन्हींचं कारण एकच का?

जवळजवळ. आंबट आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं प्रथिन गोळा होतं. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून खीर गॅसवरून उतरवून जरा निवल्यावर गूळ घाला आणि पुन्हा उकळू नका. कढीत बेसन त्यासाठीच असतं, ते प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. सतत ढवळा, खळखळ उकळी नको. नारळाचं दूध जोरात उकळलं की तेल सुटतं; घट्ट रस शेवटी, आच मंद.

१६. माशाबरोबर दूध-दही खाल्लं तर कोड येतो का?

नाही. कोड ही त्वचेतल्या रंगपेशी नष्ट होण्याची व्याधी आहे, मासे-दुधाच्या एकत्र खाण्याने ती होत नाही. आयुर्वेदात हे दोन्ही विरुद्ध आहार म्हणून सांगितलेत, त्यामुळे पाळणाऱ्यांनी पाळावं. पण बंगालमध्ये दही-माछ, म्हणजे दह्यातला मासा, हा आवडीचा पदार्थ आहे. चवीच्या बाजूने विचाराल तर ताज्या माशाला दह्याची गरज नसते, आणि शिळ्याला दह्याने वाचवू नये.

१७. मुलगा म्हणतो कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. नाटक करतोय का?

कदाचित नाही. वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे काहींना कोथिंबिरीतली ॲल्डिहाइड्स नावाची वासाची रसायनं साबणासारखी जाणवतात. कडूचंही तसंच, काहींना कारलं-मेथी जन्मतःच जास्त कडू लागते. कोथिंबीर वाटून हिरव्या चटणीत घातली तर तो वास कमी होतो, तशी देऊन पाहा. आग्रह करून आवड लागत नाही.

१८. उपासाला हळद, हिंग, मोहरी चालत नाही. मग चव कुठून आणायची?

जे उरतं त्यातून, आणि ते पुष्कळ आहे. भगरीबरोबरची दाण्याची आमटी घ्या: भाजलेल्या दाण्यांचं कूट, तुपात जिरं, हिरवी मिरची, आमसूल, गूळ, सैंधव. स्निग्ध, आंबट, गोड, खारट, तिखट, सगळे हजर. दाणे मात्र नीट खमंग भाजा, त्यांच्या भाजण्यातच फोडणीची उणीव भरून निघते. कच्च्या कुटाची आमटी पिठूळ लागते. साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू शेवटी, कारण प्रश्न ५.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी रोजच्या स्वयंपाकात हिंग, आलं आणि भाजलेलं खोबरं यांवर भर द्यावा. बाजारातल्या बहुतेक बांधानी, म्हणजे मिसळ केलेल्या, हिंगात गव्हाचं पीठ वा मैदा असतो, गहू न चालणाऱ्यांनी डबी वाचून घ्यावी.

१९. सकाळी छान लागलेली भाजी दुपारी ऑफिसच्या डब्यात फिकी का लागते?

गार अन्नातून वास कमी उठतो, त्यामुळे चवही कमी कळते. गोडही गार झालं की कमी लागतं, म्हणून श्रीखंडात साखर वाटते त्यापेक्षा जास्त असते. सकाळी साडेसातला भरलेला डबा एकला उघडायचा असेल तर रस्सा टाळा. परतलेली, कोरडी भाजी न्या; तिच्यात आंबट आणि मीठ किंचित चढं ठेवा. तूप गार होऊन टाळूला चिकटतं, डब्यात तेलाची फोडणी बरी. कोथिंबीर आणि कुरकुरीत काही असेल ते वेगळ्या डबीत. लिंबाची फोड न्यायला विसरू नका, पण ती भाजीत पिळून नाही, तशीच. मायक्रोवेव्ह असेल तर गरम करून मग पिळा. मुगाची उसळ, तोंडल्याची काचऱ्यांची भाजी, लसणीची चटणी लावलेली दशमी हे डब्यात टिकतात. मेथीची पीठ पेरून केलेली भाजीही टिकते, पण लोकलच्या गर्दीत डबा आडवा झाला तर तेल कागदांना लागतं, तेवढं झाकण घट्ट असल्याचं बघा.